महाग पेट्रोल म्हणजे चांगलं पेट्रोल का?

आज आपण पेट्रोलबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या बायकांचा पेट्रोलशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण आमच्या नवी मुंबईच्या गावठाणांत आणि पलीकडे पनवेल-उरणच्या गावांत गटाच्या कर्जातून स्कूटर घेतलेल्या ताई आता पुष्कळ आहेत. कुणी मासळी नेते, कुणी डबे पोचवते, कुणी तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजी आणते. त्यांच्या धंद्यात पेट्रोल हा रोजचा खर्च आहे. धंदा होवो न होवो, हा खर्च चुकत नाही.

गटाच्या सभेत यावर दोन मतं हमखास निघतात. एक ताई म्हणते, "पॉवरवालं टाकावं. चार पैसे जास्त गेले तरी गाडी चांगली राहते." दुसरी म्हणते, "पेट्रोल ते पेट्रोल. स्वस्त मिळेल तिथे घ्यावं, टपरीवरच्या बाटलीतलं का असेना." यातलं खरं किती, ते आज बघू.

पहिली गोष्ट, पंपावरचा भाव कशाने ठरतो? कच्च्या तेलाची किंमत, केंद्राचा कर, राज्याचा व्हॅट, वाहतूक आणि पंपवाल्याचं कमिशन, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १ जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवरचा व्हॅट २६ टक्क्यांवरून २५ टक्के झाला. लिटरमागे साधारण ६५ पैसे उतरले. त्या रात्रीत पेट्रोल बदललं नव्हतं, फक्त कर बदलला होता. सावंतवाडी-बांद्याकडची माणसं गोव्यात गेली की टाकी भरून घेतात, तेही तिथला कर कमी म्हणून. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी नायरा या खाजगी कंपनीने महाराष्ट्रासह काही राज्यांत सरकारी कंपन्यांपेक्षा लिटरला १ रुपया कमी भाव लावला होता. तो गिऱ्हाईक ओढण्यासाठी होता. तेव्हा नुसता भाव कमी दिसला म्हणून माल हलका समजू नये.

दुसरी गोष्ट, कंपनी बदलली की पेट्रोल बदलतं का? साधं पेट्रोल कुठल्याही कंपनीचं असो, त्याला सरकारी मानक एकच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचं इंधन मिळतं. त्यात गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. आधी ही मर्यादा ५० होती. खाडीपलीकडे माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोघांच्या रिफायनऱ्या आहेत. इंडियन ऑइलची मुंबईत रिफायनरीच नाही. या कंपन्या सोयीप्रमाणे एकमेकींकडून माल उचलतात. पाट्या तीन रंगांच्या असल्या तरी आतलं साधं पेट्रोल एकाच रिफायनरीतून आलेलं असू शकतं.

मग "पॉवर", "स्पीड", "एक्सपी ९५" या नावांनी जे महाग पेट्रोल मिळतं, त्यात वेगळं काय? दोन गोष्टी. त्यात इंजिनातली काजळी धुणारी रसायनं घातलेली असतात, आणि काहींचा ऑक्टेन आकडा जास्त असतो. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा पूर्वीपासून किमान ९१ धरत आले, महागातल्याचा ९५. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचंही पेट्रोल आणलं, तेव्हा दिल्लीत ते १६० रुपये लिटर होतं. ते महागड्या, वेगवान गाड्यांसाठी.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं, तेव्हा ठिणगी पडण्याआधीच ते भलत्या वेळी पेटलं तर इंजिन खटखट वाजतं. ते तसं पेटू नये म्हणून जो आकडा सांभाळतात, तो ऑक्टेन. मोठ्या दाबाच्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतो. आपल्या रोजच्या स्कूटरचं इंजिन साध्या पेट्रोलवर चालेल असंच बनवलेलं असतं. त्यात जास्त ऑक्टेनचं टाकून जास्त ॲव्हरेज मिळत नाही. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा, आणि तेच टाका.

आता हिशेब मांडू. समजा महाग पेट्रोलला लिटरमागे ७ रुपये जास्त पडतात, आणि एक ताई रोज १ लिटर जाळते. महिन्याचे २६ दिवस धरले तर १८२ रुपये झाले. वर्षाला २,१८४. दहा जणींचा गट धरला तर २१,८४० रुपये. एवढ्या रकमेत एका मैत्रिणीला शिलाई मशीनसाठी कर्ज देता येईल.

म्हणजे दुसरी ताई जिंकली का? नाही. कारण पेट्रोल बिघडतं ते बहुतेकदा रिफायनरीतून निघाल्यावर, वाटेत किंवा विकणाऱ्याच्या हातून. आणि या भेसळीचा आपल्या चुलीशीही संबंध होता.

रेशनचं निळं रॉकेल सरकार गरिबाच्या स्टोव्हसाठी स्वस्तात देत होतं. पेट्रोल-डिझेल त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणून ते रॉकेल मधल्यामध्ये पळवून टँकरमध्ये मिसळणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या. आपण कॅन घेऊन रांगेत उभ्या राहायचो आणि दुकानदार सांगायचा, "या महिन्यात कोटा कमी आलाय." २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडीला असा चोरीचा प्रकार पकडला. तेलमाफियांनी त्यांना भर दिवसा जिवंत जाळलं. त्यानंतर राज्यभर छापे पडले. स्वस्त इंधनाच्या भेसळीवर केवढा पैसा उभा असतो, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

रॉकेल मिसळलेलं पेट्रोल नीट जळत नाही. धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते, गाडी ओढत नाही. लिटरमागे पाच-दहा रुपये वाचले म्हणावं, तर गॅरेजवाला तेवढे एका फेरीत घेतो. टपरीवरच्या बाटलीत काय मिसळलंय, किती दिवसांचं आहे, खरंच लिटरभर आहे का, याला कुणी जबाबदार नाही. बिल नाही, म्हणजे तक्रारही नाही. शिवाय प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल विकणं नियमात बसत नाही, आणि घरात चुलीजवळ ती बाटली ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

पावसाळ्यात आणखी एक लक्षात ठेवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे बरंचसं उसापासून केलेलं. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी शिरलं तर दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि गाडी बंद पडते. म्हणून टाकीचं झाकण घट्ट लावा, रबर फाटलं असेल तर बदला.

आणि मापाचं काय? जून २०१७ पासून ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले. मशीनमध्ये फेरफार केलेल्या चिप सापडल्या. मीटर पुरं दाखवायचं, पेट्रोल कमी पडायचं. हे पंप एकाच कंपनीचे नव्हते. म्हणून पाटी बघून निर्धास्त राहू नका.

मग करायचं काय? पंपावर आपले काही हक्क आहेत. फिल्टर पेपर मागा, तो फुकट द्यावा लागतो. नोझलचं तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत तो उडून जायला हवा. डाग राहिला तर रॉकेल-डिझेलची भेसळ असू शकते. हलकी रसायनं या कागदाला सापडत नाहीत. त्यासाठी घनता तपासायला सांगता येते. नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा ३ हून जास्त फरक आला तर माल संशयाचा. मापाची शंका असेल तर वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप मागा. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. गाडीवरून उतरून मीटर शून्यावर आहे ना ते बघा. बिल घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आमच्या ताई म्हणतात, "मागे गाड्यांची रांग असते, पोरं हॉर्न वाजवतात, पेपर मागायला लाज वाटते." अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? भाजी घेताना आपण तराजूचा काटा बघतो, तेव्हा कुठे लाजतो? एकटीला जड जात असेल तर दोघी-तिघी मिळून जा. आमच्या गटांत आता हीच पद्धत आहे. एक पेपर मागते, दुसरी मीटर बघते.

सगळ्यात चांगली परीक्षा आपल्या वहीतच आहे. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरा आणि गेलेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरने भागा. असं तीन-चार वेळा करा. एका पंपाचा आकडा सतत कमी येत असेल तर तो पंप सोडा. गटाच्या महिन्याच्या सभेत बचतीच्या हिशेबाबरोबर हे आकडेही वाचा. दहा जणींच्या वह्या जुळल्या की कुठल्या पंपावर जायचं हे कुणाला विचारावं लागणार नाही.

तर मैत्रिणींनो, महाग नावासाठी पैसे घालवू नका आणि बाटलीच्या स्वस्ताईला भुलू नका. साधं पेट्रोल घ्या, पंपावरूनच घ्या, आणि बघून घ्या.