मग साहेब कुठंय?

प्रजासत्ताक दिन जवळ आलाय. त्या दिवशी झेंडावंदन झालं की ग्रामसभा असते. तिच्याविषयीच आज बोलायचं आहे, पण आधी लहानपणची एक आठवण सांगते.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आत्या साताऱ्यात राहायची. ती आजीला आणि मला २६ जानेवारीची परेड दाखवायला घेऊन गेली. गर्दीत मला नुसत्या माणसांच्या पाठी दिसत होत्या. बँड वाजायला लागला, तसं आत्यानं मला वर उचललं. खाकी वर्दीतल्या एक बाई दिसल्या. येणारा-जाणारा प्रत्येक पोलीस त्यांना सॅल्यूट करत होता. दहा सेकंद दिसल्या असतील, मग पुन्हा माणसं आडवी आली.

आत्या म्हणाली, "त्या मीरा बोरवणकर मॅडम. जिल्ह्याच्या एसपी."

आजीनं विचारलं, "मग साहेब कुठंय?"

"अगं आई, त्याच साहेब!"

आजी गप्प झाली. पण गावी आल्यावर पाणवठ्यावर, देवळात, जी भेटेल तिला सांगत सुटली. दहावीनंतर माझ्या लग्नाची बोलणी निघाली, तेव्हा वडिलांना तीच म्हणाली, "बारावी होऊ दे." बारावी झाल्यावर म्हणाली, "आता पंधरावी होऊ दे." आजी स्वतः अंगठा उठवायची. तिच्यामुळं मी बी.ए. झाले.

बोरवणकर मॅडम मूळच्या पंजाबातल्या, १९८१ च्या तुकडीच्या आयपीएस. पुढं त्या मुंबई क्राइम ब्रँचच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या, पुण्याच्या पोलीस आयुक्तही झाल्या. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं फक्त पाहिलं होतं की बाईला सॅल्यूट करतात.

म्हणून सांगते, बघण्यानं फरक पडतो. महाराष्ट्रात २०११ पासून गावकारभारात बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत. तरी काही गावांत सही ताईंची आणि खुर्चीत मालक, असं अजून चालतं. शेजारी उभी असलेली पोरगी तेच बघते आणि तेच शिकते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. तिथं गटातल्या सगळ्याजणी या. पाण्याचा, दारूचा, रेशनचा, जो विषय असेल तो आधी कागदावर लिहून आणा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. निवडून आलेल्या ताई असतील तर त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवा. मालकांना बसायला सतरंजी आहेच.

आणि येताना लेकी-नातींना घेऊन या. लहान असेल तर उचलून घ्या, म्हणजे तिला नीट दिसेल.