कलाशिक्षणाची वही



कलावंताच्या पोटाची चिंता पूर्वीं संस्थानिक वाहत. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं अल्लादिया खाँसाहेबांना दरबारीं आश्रय दिला. आतां तें काम बरेंचसें सरकारकडे आलें आहे. केंद्रीय संस्कृति मंत्रालयाची १८ ते २५ वर्षांच्या तरुण कलावंतांसाठीं शिष्यवृत्ति आहे : दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षें. तींत लोककलाहि येतात. मात्र गुरूपाशीं अथवा संस्थेंत किमान पांच वर्षें शिक्षण झाल्याचा दाखला हवा. येथेंच आपलें घोडें अडतें!

आपल्या लग्नगीतांच्या जाणत्या आजीबाई कोणास दाखला देतात? मुलगी मांडवांत त्यांच्या मागें बसून गाणीं उचलते. केव्हांपासून, हें कोणीं टिपून ठेवलेलें नसतें. गतवर्षीं अशाच एका मुलीचा अर्ज मीं स्वतः भरावयास घेतला. दाखल्यापाशीं तो थांबला तो थांबलाच. ती आतां दुकानांत हिशेब लिहिते. दोष माझाहि आहे. बाप्तिस्म्याच्या वह्या मीं जपल्या, गाण्याची एकहि ठेविली नाहीं.

म्हणून आजपासून धर्मग्रामाच्या कचेरींत एक वही ठेवीत आहें : शिकविणारीचें नांव, शिकणारीचें नांव, आरंभाची तारीख, दोघींची सही. येत्या रविवारीं मिस्सानंतर आजीबाईंना हाताला धरून घेऊन या. सही येत नसल्यास अंगठा चालेल.