कपाटातला ब्लाउज

(सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. संबंधित पती-पत्नीच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

आज एकाच केसबद्दल बोलणार आहे. त्यात मी कुठे चुकले, तेही सांगणार आहे.

आमच्या केंद्रात एक बाई आल्या. लग्नाला अकरा वर्षं, दोन मुलं. पिशवीतून एक ब्लाउज काढून त्यांनी टेबलावर ठेवला. ‘ह्यांच्या कपाटात फायलींच्या मागे सापडला. माझ्या मापाचा नाही.’ मी फॉर्म पुढे ओढला आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. दुसरी बाई कोण? पैसे किती जातात? मारहाण होते का? उत्तर मी मनात लिहूनही टाकलं होतं.

पुढच्या बैठकीला नवरा आला. बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, ‘तो ब्लाउज माझा आहे. मी साडी नेसतो.’

एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं. मी पटकन विचारलं, ‘म्हणजे तुम्हाला बायकोत रस नाही?’ ही माझी दुसरी चूक. असे पुरुष, ज्यांना क्रॉसड्रेसर म्हणतात, त्यांतले अनेकजण स्त्रियांवरच प्रेम करतात, संसार करतात, पुरुष म्हणूनच जगतात. काहींना पुढे आपण स्त्रीच आहोत असं उमगतं. ते ज्याचं त्याने सांगायचं. आपण ठरवायचं नाही. हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०१९ साली स्वीकारली गेली. जुन्या यादीत यासाठी असलेली निदानं तिच्यात ठेवलेली नाहीत. आणि २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख पोशाखातून व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आहे.

मग त्याने अकरा वर्षं लपवलं का? शाळेच्या स्नेहसंमेलनात तो साडी नेसून नाचला, तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी घरी नेसला, तेव्हा वडिलांचा पट्टा. बालगंधर्वांची साडी, त्यांचे दागिने यांचं अनुकरण खानदानी बायकांनी केलं, त्याचं आपण कौतुकाने सांगतो. ते रंगमंचावर. घरात मात्र बायकोने नवऱ्याचा शर्ट घातला तर कुणी वळून बघत नाही, आणि नवऱ्याने तिची साडी नेसली तर तो मेलेलाच बरा वाटतो. कारण बाईसारखं दिसणं म्हणजे खाली उतरणं! आपणही यातून सुटलेल्या नाही. मोर्चात नेऊन अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर आपणच केला ना?

पण मैत्रिणींनो, त्याची भीती समजली म्हणून तिचा राग चुकीचा ठरत नाही. त्या म्हणाल्या, ‘दुसरी बाई नाही कळल्यावर हायसं वाटलं. मग आठवलं, हे दार लावून बसायचे, खर्च लपवायचे, जवळ गेलं की दचकायचे. मी समजत होते, माझ्यातच काही कमी आहे. साडी नेसा. पण मला अकरा वर्षं वेडी का केलंत?’

साडीवर आमची बैठक अर्ध्या तासात संपली असती. या प्रश्नावर पाच महिने लागले. त्याने एकेक खोटं स्वतःहून सांगितलं. मग दोघांनी ठरवलं: पैसे उघड राहतील. तिच्या साड्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तिची इच्छा नसेल त्या रात्री साडी नाही, आणि त्यावर रुसवाही नाही. मुलांना कधी, काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवतील. भांडणात तिने हे गुपित हत्यार म्हणून वापरायचं नाही. शेवटची अट तिची होती: ‘मला एका माणसाशी बोलता आलं पाहिजे.’ तिने आपली बहीण निवडली. त्याला घाम फुटला, पण तो हो म्हणाला. माझ्या मते खरा विश्वास त्या दिवशी सुरू झाला. तोवर त्याचं ओझं तीही एकटीच वाहत होती.

अशी बायको दिसली की ‘किती समजूतदार!’ म्हणायचा मोह होतो. सांभाळा. समजूतदारपणाच्या नावाखाली बायकांकडून काय काय गिळवून घेतलं जातं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. जिला नाही म्हणता येतं, तिच्याच हो ला किंमत आहे. एखादी म्हणेल, मला हे नाही झेपत, मला वेगळं व्हायचंय. तिच्याही पाठीशी आपण उभं राहायचं, त्याची बदनामी न करता. आणि लग्नाआधी कुणी तरुण विचारायला आला, तर स्पष्ट सांगायचं: होणाऱ्या बायकोला आधी सांग. लग्न झालं की ही सवय सुटेल, या आशेवर मुलीचं आयुष्य लावू नकोस.

परवा त्या भेटल्या. हसत म्हणाल्या, ‘ह्यांचा ब्लाउज आता मीच शिवायला टाकते. शिंप्याला सांगते, नणंदेचं माप आहे.’

घरातलं खोटं त्या दोघांनी संपवलं. शिंप्याच्या दुकानातलं अजून बोलावं लागतं. ते त्यांच्या एकट्याने संपणार नाही. तिथे आपलं काम आहे.