कडी आधी, जोड नंतर



यंत्रावर डीएनएचा धागा तयार करताना तीव्र रसायने वापरावी लागतात. काही नाजूक रंगद्रव्ये त्यांत टिकत नाहीत. म्हणून धाग्यात आधी अल्काइनची लहानशी कडी बसवितात. धागा पुरा झाल्यावर अझाइड असलेले रंगद्रव्य तांब्याच्या साह्याने तिच्यात अडकवितात. मात्र मोकळे तांबे डीएनए तोडू शकते. त्याला आवरणारे संयुग सोबत घालावे लागते.

या ‘क्लिक’ रसायनशास्त्राला २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शार्पलेस व मेल्डाल यांच्याबरोबरीने कॅरोलिन बर्टोझी या विदुषी त्याच्या मानकरी ठरल्या. जिवंत पेशींसाठी तांब्याविना जोडणी त्यांनी साधली.

पालकहो, दहावीनंतर मुलीला विज्ञान सोडायला लावू नका. कडी आज बसवा. जोड पुढे मिळेल.