तीन वस्त्यांचा शेजार



नकाशांत मुंबई हें एकच शहर दिसतें. गिरगांव, लालबाग-परळ व दादर येथें पायीं हिंडणाऱ्यास मात्र ती अनेक गांवांची माळ वाटते. प्रत्येक वस्तीचा स्वभाव तेथील घरांनीं घडविला, एवढेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम गिरगांव. वाडी हा त्याचा प्राण. खोताच्या वाडींत ईस्ट इंडियन कुटुंबांचीं लांकडी सज्जांचीं कांहीं घरें अद्याप उभीं आहेत; जवळच केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. अशा अरुंद गल्ल्यांत शेजाऱ्याच्या सणास पाठ फिरविण्यास जागाच नाहीं.

लालबाग-परळ गिरण्यांनीं घडविलें. भोंगा झाला कीं वस्ती जागी होई. एकाच खोलींत कोंकणांतले व घाटावरचे कामगार पाळीपाळीनें निजत आणि खानावळवाल्या बाया त्यांस जेवूं घालीत. या बाया सावकाराच्या कर्जांत बुडत. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं मोठा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले.

दादरचा थाट निराळा. १८९६ च्या प्लेगानंतर, १८९८ सालीं, इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें पूर्वेकडे रुंद रस्ते आंखिले. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी वसल्या. परंतु पश्चिमेचें साल्व्हेशन मातेचें देऊळ, ज्यास सारे पोर्तुगीज चर्च म्हणतात, तें १५९६ चें. आजची त्याची वास्तु चार्ल्स कोरिया यांनीं १९७० नंतरच्या दशकांत रचिली. वास्तु नवी झाली, तरी मंडळी एकत्र जमत राहिली.

हाच धडा आपणांस हवा. आज चाळींच्या जागीं मनोरे उठत आहेत. गळक्या छपराखालीं राहणाऱ्यास पक्कें घर मिळावें, हें न्याय्यच होय. पण चाळीच्या गॅलरींत आजारी म्हातारीची खबर न विचारतां मिळे. मनोऱ्यांत दार एकदां लागलें कीं लागलें. म्हणून पुनर्विकासाचा नकाशा पुढें येईल तेव्हां केवळ चौरस फूट मोजूं नका. मुलें कोठें खेळतील, वृद्ध कोठें टेकतील, लग्नाचा मांडव कोठें पडेल, हेंहि विचारा. घर बिल्डर बांधील. शेजार आपणांसच बांधावा लागेल.