भिंतीवरची तसबीर आणि डोक्यावरचा स्कार्फ

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय आहे सरकारी शाळा, धार्मिक चिन्हे आणि धर्मनिरपेक्षता. मी वकील नाही. ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, एवढीच माझी पात्रता. म्हणून सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात पहिली. पावसाळ्यात एके दिवशी ती डोक्याला स्कार्फ बांधून आली. मुख्याध्यापकांनी तिला परिपाठाच्या रांगेतच थांबवले आणि म्हणाले, "शाळेत धर्म आणायचा नाही. उद्यापासून हे काढून ये." तिने माझ्याकडे पाहिले. त्या शाळेतली मी एकटीच मुस्लिम शिक्षिका. मी गप्प बसले. घाबरले म्हणून नव्हे. मला आतून सरांचे पटले होते. मी स्वतः कधी स्कार्फ बांधला नाही आणि तिनेही बांधू नये असेच मला वाटत होते.

ती चार दिवस उघड्या डोक्याने आली. मग यायची बंद झाली. पुढच्या आठवड्यात तिचे वडील दाखला घ्यायला आले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात 'पालकांची विनंती' असे लिहिले गेले. ते अक्षर माझे आहे.

त्यानंतर दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन झाले. सरस्वतीची तसबीर, नारळ, पेढे. रांगोळी मीच काढली. मुले खूश होती, मीही होते. 'शाळेत धर्म आणायचा नाही' हे वाक्य त्या दिवशी कुणालाच आठवले नाही, मलाही नाही. ते आठवायला मला २०२२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी उडुपीच्या सरकारी कॉलेजातल्या मुलींना हिजाब घातला म्हणून वर्गाबाहेर ठेवले गेले. ५ फेब्रुवारीला कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला. १५ मार्चला तिथल्या उच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही, असे न्यायालय म्हणाले. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी मान्य केली, न्या. सुधांशू धुलिया यांनी ती रद्द ठरवली आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले.

तेव्हा आपल्या घराघरांत एकच वाद चालू होता : कुराणात हिजाब सक्तीचा आहे की नाही? तुम्हीही तो मोबाईलवर रात्र रात्र घातला असेल. माझे म्हणणे असे की तो प्रश्न आपण आपसात जरूर चर्चावा, पण शाळेच्या फाटकावर तो चुकीचा आहे. तिथे तो विचारला की मुलीच्या हक्काचा निर्णय धर्मग्रंथाचा अर्थ लावणाऱ्याच्या हाती जातो, मग तो मौलवी असो की न्यायाधीश. मुलगी बाजूलाच राहते.

याला आपल्याच देशातला चांगला दाखला आहे. १९८५ साली केरळात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढले. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांची श्रद्धा गाण्याच्या आड येत होती. १९८६ साली बिजोय इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. ही श्रद्धा आम्हाला पटते का, हे न्यायालयाने पाहिले नाही. ती प्रामाणिक आहे का आणि तिने कुणाचे नुकसान होते का, हे पाहिले. न्या. धुलियांनी याच निकालाचा आधार घेतला.

आता दुसरी बाजू. संविधानाचे कलम २८ प्रत्येकाने वाचून ठेवा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वरची वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते मुस्लिम नव्हते. म्हणजे हा केवळ आपला प्रश्न नाही.

मला उशिरा कळलेला फरक एवढाच आहे. भिंत शाळेची असते, म्हणजे सरकारची, म्हणजे सर्वांची. तिने कोणत्याही एका धर्माची बाजू घेऊ नये. डोके मात्र मुलीचे असते. तिने टिकली लावली, पगडी बांधली, गळ्यात क्रॉस घातला की स्कार्फ बांधला, त्याने शाळा धार्मिक होत नाही. आमच्या शाळेत नेमके उलटे चालले होते. भिंतीला मोकळीक होती आणि डोक्याला बंदी.

काही जण फ्रान्सचे उदाहरण देतात. ते नीट पाहा. तिथे १८८० च्या दशकातच सरकारी शाळांतून धर्मशिक्षण काढले गेले आणि १९०५ साली राज्य आणि चर्च वेगळे झाले. आधी राज्याने स्वतःची भिंत रिकामी केली. १९८९ साली क्रेई गावात तीन मुलींना स्कार्फवरून शाळेबाहेर ठेवले, तेव्हा तिथल्या राज्य परिषदेने सांगितले की विद्यार्थ्याचे चिन्ह मुळातच धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात नाही. दबाव आणला किंवा वर्ग बिघडवला तर गोष्ट वेगळी. पुढे मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आली. स्कार्फ, ज्यूंची टोपी, मोठा क्रॉस, आणि शिखांची पगडीसुद्धा. मला तो कायदा पटत नाही. पण निदान तो कागदावर सर्वांना सारखा आहे. आपल्याकडे त्याचा अर्धाच भाग उचलायचा, तोही एकाच समाजासाठी, याला धर्मनिरपेक्षता म्हणता येणार नाही.

गणवेशाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. गणवेशामुळे गरिबाचे मूल श्रीमंताच्या शेजारी बरोबरीने बसते, हे मी रोज पाहिले. पण गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ असला तर ही बरोबरी कुठे मोडते?

आता जरा घरात वळू. टाळ्या इथवरच वाजतात, हे मला ठाऊक आहे.

एकदा स्नेहसंमेलनाच्या आधी मोहल्ल्यातले एक चाचा शाळेत आले. म्हणाले, "बाई, आपल्या मुली स्टेजवर दिसता कामा नयेत, आणि पुढच्या वर्षापासून सगळ्यांनी डोके झाकूनच यायचे." मी विचारले, "मुलींना विचारलंत?" त्यांना तो प्रश्नच कळला नाही. आमच्या मुख्याध्यापकांनाही कळला नसता. एकाने काढ म्हणायचे, दुसऱ्याने घाल म्हणायचे. मुलीला कुणीच विचारत नाही. जी मुलगी स्कार्फ बांधू इच्छिते तिच्यासाठी उभे राहायचे, तर जी बांधू इच्छित नाही तिच्यासाठीही आपल्याच मोहल्ल्यात उभे राहावे लागेल. हे दुसरे काम अवघड आहे, कारण ते नात्यातल्या माणसांसमोर करावे लागते.

तेरा वर्षांच्या मुलीची निवड खरेच तिची असते का, असे कुणी विचारेल. नेहमी नसते. म्हणूनच तिने शाळेत राहणे महत्त्वाचे. विचार करायला ती तिथेच शिकणार. मला स्कार्फ आवडत नव्हता आणि मुलगी शिकावी असे वाटत होते. माझ्या गप्प बसण्याने स्कार्फ राहिला आणि शाळा गेली.

तेव्हा तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. आपल्या गावच्या शाळेत असा प्रसंग आला तर घोषणा देण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जा. तिथे पालक असतात. कलम २८ दाखवा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सोबत बिगरमुस्लिम पालकांनाही न्या. दुसरी गोष्ट, निकाल काहीही लागो, मुलीचा दाखला काढू देऊ नका. तिच्या वडिलांच्या दारात जाऊन बसा, हवे तर भांडा, पण तिला दुसऱ्या दिवशी वर्गात बसवा.

माझी ती विद्यार्थिनी आता चाळिशीची असेल. तिच्या वडिलांच्या दारात मी गेले नव्हते. तुम्ही जा.

खुदा हाफिज.