भागीरथीची कथा आणि मुलांचा प्रश्न



‘केरेगे हारा’, म्हणजे ‘तळ्याला आहुती’, हे कन्नड लोकपरंपरेतील सुप्रसिद्ध कथागीत होय. गावच्या पाटलाने तळे खोदविले. पण पाणी लागेना. घरातील सून बळी द्यावी, असे ज्योतिषाने सांगितले. धाकटी सून भागीरथी निवडली गेली. माहेरची व मैत्रिणीची भेट घेऊन ती तळ्यात उतरली. पाणी पायरीपायरीने चढले आणि तिला घेऊन गेले.

ही कथा ऐकून मुले प्रथम स्तब्ध होतात. मग एखादे मूल विचारते, “तिला कोणी विचारले होते का?”

जोयडा तालुक्यात हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो. काळी नदीवर गणेशगुडी येथे सुपा धरण उभे राहिले, तेव्हा तालुक्याचे जुने ठाणे सुपा व भोवतालची गावे जलाशयाखाली गेली. अनेक कुटुंबांचे रामनगर येथे पुनर्वसन झाले. त्या पाण्यावर वीज निर्माण होऊन राज्यास प्रकाश मिळाला. वर्गातील काही मुलांच्या आजीआजोबांचे घर त्याच पाण्याखाली असू शकेल.

म्हणून शिक्षकाने तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. स्वखुशीने केलेला त्याग आणि वाट्यास आलेला त्याग यांतील भेद मुलांनाच शोधू द्यावा. भागीरथीचे धैर्य वंदनीय आहेच. परंतु ज्यांच्या ओंजळीत ते पाणी आले, त्यांच्यावर तिचे ऋण राहते. एवढे मुलांना उमगले, तरी कथा सांगण्याचे सार्थक झाले.